यात्रा, वारी, मोहीम, शोध : बातमी लिहिणाऱ्यांना एक खुले पत्र

प्रति,
मराठी दैनिके, वृत्तवाहिन्या आणि बातम्यांची संकेतस्थळे यांचे संपादक, वृत्तसंपादक व उपसंपादक यांस,

स. न. वि. वि.

मुद्रितशोधन, भाषांतर आणि परिभाषेचे काम करणारे आम्ही काही जण हे पत्र लिहीत आहोत. विषय मर्यादित आहे. कोणी एका जागेहून दुसरीकडे जायला निघतो किंवा काही शोधायला निघतो, तेव्हा बातमीत त्यासाठी कोणता शब्द पडतो, एवढाच. या शब्दांच्या पोटात मराठीत माहिती असते. वारी म्हटली की ती नेमाची. मुक्काम म्हटला की तिथे रात्र काढली. शोध लागला म्हटले की सापडले. शब्द बदलला की ही माहिती बदलते, आणि वाक्य व्याकरणात बरोबर असल्यामुळे चूक कोणाच्या नजरेत येत नाही.

चूक होते कशी, हे तुम्हाला आमच्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. वृत्तसंस्थेचा मजकूर हिंदीत किंवा इंग्रजीत येतो, यंत्राने त्याचे मराठी होते आणि दहा मिनिटांत ते पानावर जाते. इंग्रजीतला परका शब्द निदान परका दिसतो. हिंदीतला शब्द आपल्याच लिपीत आणि ओळखीच्या रूपात येतो, म्हणून तो तपासलाच जात नाही.

सुरुवात यात्रेपासून करू. हिंदीत कोणताही प्रवास म्हणजे यात्रा. मराठीत यात्रा म्हणजे तीर्थाला जाणे, किंवा गावच्या देवाचा वार्षिक उत्सव, किंवा मिरवणुकीने जाणे: पदयात्रा, शोभायात्रा, पाडव्याची स्वागतयात्रा. जत्रा हा याच शब्दाचा रुळलेला अवतार. घाटावरच्या कित्येक गावांत पाळणे, कुस्त्या आणि तमाशा असलेल्या उत्सवाला यात्राच म्हणतात आणि कोकणात जत्रा, गोव्यात जात्रा. त्यामुळे ‘पंतप्रधानांची जपान यात्रा’ हे मराठी नव्हे, तो दौरा. विमानाने होतो तो प्रवास. विमा प्रवासाचा, भत्ता प्रवासाचा, शेजारच्या आसनावरचा सहप्रवासी. अमरनाथला निघालेला यात्रेकरू खराच, पण त्याच गाडीतून नोकरीसाठी जम्मूला चाललेला माणूस प्रवासी आहे. अपघाताच्या बातमीत ‘बसमधील ४० यात्री’ असे आले की ते सगळे देवदर्शनाला निघाले होते असा वाचकाचा समज होतो, आणि तो खरा आहे की नाही हे बातमीदाराला विचारल्याशिवाय उपसंपादकाला कळणार नाही. मग ‘प्रवासी’ लिहावे. तो शब्द कधीच खोटा ठरत नाही.

यात्रेची एक गोष्ट फार जपून हाताळायला हवी. मराठीत ‘जीवनयात्रा संपवली’ म्हणजे आत्महत्या केली, आणि ‘जीवनयात्रा संपली’ म्हणजे निधन झाले. हयात उद्योजकाच्या मुलाखतीला ‘एका उद्योजकाची जीवनयात्रा’ असा मथळा दिला की घरच्यांना सांत्वनाचे फोन जाऊ शकतात. तिथे वाटचाल, कारकीर्द, जीवनप्रवास यांपैकी काहीही चालेल. ‘अभिनयाचा सफर’ हा प्रकारही सध्या बोकाळला आहे. मराठीत सफर स्त्रीलिंगी आहे. तो ‘चा’ पाहिला की मजकूर कुठून उचलला ते कळते. होडीची सफर, जंगलाची सफर असते. म्हणजे मौजेचे, थोड्या वेळाचे फिरणे. वीस वर्षांच्या मेहनतीला सफर म्हणणे लिंग सुधारूनही बरे दिसत नाही.

दौरा सरळ आहे: पद, संघ किंवा कामानिमित्त ठरवून केलेले जाणे. मंत्र्यांचा दौरा, क्रिकेट संघाचा दौरा, दुष्काळी भागाचा पाहणी दौरा. फक्त हिंदीतल्या दिलाच्या दौऱ्याचे यंत्र ‘हृदयविकाराचा दौरा’ करते आणि ते छापूनही येते. आपल्याकडे हृदयविकाराचा झटका येतो.

आता वारी, कारण दर ज्येष्ठ-आषाढात सर्वांत जास्त चुका इथे होतात.

ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूहून तुकाराम महाराजांच्या आणि अष्टमीला आळंदीहून ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीचे प्रस्थान होते. त्या संध्याकाळी ‘पालखी पुण्याकडे रवाना’ अशी पट्टी फिरू लागते. पालखी त्या दिवशी गाव सोडत नाही. आळंदीत ती मंदिराबाहेर पडून आजोळघरी मुक्कामाला जाते, देहूत इनामदार वाड्यात. दुसऱ्या दिवशी सकाळी माउलींची पालखी पुण्याकडे आणि तुकोबांची आकुर्डीकडे निघते. प्रस्थान या शब्दाचा जुना व्यवहार माहीत असला की ही चूक होणार नाही. पूर्वी मुहूर्त साधायचा पण निघणे जमत नसे, तेव्हा प्रवासाच्या सामानातली एखादी वस्तू मुहूर्तावर घराबाहेर, शेजाऱ्याकडे किंवा देवळात नेऊन ठेवत. याला ‘प्रस्थान ठेवणे’ म्हणत. म्हणजे प्रस्थान हा निघण्याचा मुहूर्त झाला, प्रत्यक्ष मजल दुसऱ्या दिवशी. म्हणूनच विमानतळावरून निघालेल्या मंत्र्याचे प्रस्थान होत नाही, ते रवाना होतात.

तसेच मुक्काम आणि विसावा. जेवणापुरते किंवा घटकाभर थांबणे तो विसावा, रात्र काढणे तो मुक्काम, आणि जिथे तंबू-राहुट्या पडतात ती जागा तळ. वाहतूक बदलाच्या बातमीत हा फरक चुकला तर लोक चुकीच्या रात्री रस्ता बंद समजतात. पुण्यात दोन्ही पालख्यांचा मुक्काम दोन रात्रींचा असतो, माउलींच्या पालखीचा भवानी पेठेत आणि तुकोबांच्या पालखीचा नाना पेठेत, हेही उलटसुलट होते. (पत्त्यातल्या ‘मु. पो.’चा मु. म्हणजे हाच मुक्काम.) दिंडी म्हणजे संपूर्ण सोहळा नव्हे. दिंडी हा त्यातला एकेक गट, आणि माउलींच्या रथापुढे २७ दिंड्या असतात, बाकीच्या रथामागे. ‘दिंडीचे पुण्यात आगमन’ असे लिहिले तर कोणत्या दिंडीचे, असा प्रश्न वारकरी विचारतो. येते ती पालखी. ‘वारीचे आगमन’ही होत नाही, कारण वारी ही येणारी वस्तू नाही, करण्याची गोष्ट आहे. वारी करतात, वारी चुकते. रिंगणाच्या छायाचित्राखाली ठिकाण घालताना पालखी कोणती ते आधी पाहावे. चांदोबाचा लिंब येथले उभे रिंगण माउलींचे, बेलवाडीचे गोल रिंगण तुकोबांचे.

वारकरी आणि भाविक हेही एक नाहीत. तुळशीची माळ घालून वारीचा नेम घेतलेला तो वारकरी. एकादशीला एसटीने किंवा गाडीने दर्शनाला आलेला भाविक. पंढरपुरातल्या एकूण गर्दीचा आकडा देताना ‘लाखो वारकरी’ऐवजी ‘लाखो भाविक’ म्हटले तर काही बिघडत नाही आणि बातमी खरी राहते. राजकीय मथळ्यांतली ‘दिल्लीवारी’ मात्र झकास आहे, तिला हात लावू नका. पुन्हा पुन्हा, नेमाने आणि काहीतरी मागायला जाणे हे सगळे त्या एका शब्दात येते. नेता पहिल्यांदाच जात असेल तर मात्र ती वारी नाही.

परिक्रमेबद्दल थोडे. नर्मदा परिक्रमेत नदी उजव्या हाताला ठेवून चालायचे आणि मध्ये कुठेही पात्र ओलांडायचे नाही. फक्त मुखाशी, समुद्रातून नावेने पलीकडच्या तीरावर जातात. पूर्ण पायी परिक्रमेला महिनेच्या महिने लागतात. गुजरातेत चैत्रात होते ती उत्तरवाहिनी परिक्रमा वेगळी. रामपुरा-तिलकवाडा भागात नदी उत्तरेकडे वाहते तेवढ्याच पट्ट्याची ती असते, एका दिवसात उरकते आणि तिच्यात पात्र ओलांडलेही जाते. एखाद्या मंडळाने हिची बातमी पाठवली की ‘नर्मदा परिक्रमा पूर्ण’ असा मथळा पडतो. ‘उत्तरवाहिनी’ हा शब्द मथळ्यातून गाळला की एका दिवसाच्या चालीला महिन्यांच्या चालीचे श्रेय जाते.

नौदलाच्या सागर परिक्रमांचे असेच होते. कॅप्टन दिलीप दोंदे यांनी ‘म्हादेई’ या शिडाच्या नौकेतून २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. वाटेत चार बंदरांत ते थांबले होते. अभिलाष टॉमी यांची २०१२-१३ची परिक्रमा एकट्याने आणि विनाथांबा होती. २०१७-१८ मध्ये ‘तारिणी’वरच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी गोव्याहून निघून, बंदरांत थांबत ती पूर्ण केली. ‘पहिले भारतीय’ लिहिताना ‘एकट्याने’ आणि ‘विनाथांबा’ हे दोन शब्द जागेअभावी कापले की विक्रम एकाचा दुसऱ्याच्या नावावर जातो. दर स्मरणदिनाला तो जातोच. ‘जगप्रवास’ हा शब्दही इथे चालत नाही. दहा देश पाहून येणाराही जगप्रवास करतो. प्रदक्षिणेत निघाल्या ठिकाणी परत यावे लागते, सर्व रेखावृत्ते आणि विषुववृत्त ओलांडावे लागते.

ग्रहांच्या बातम्यांत प्रदक्षिणा आली की आणखी एक जोडी उलटते. स्वतःभोवती फिरणे ते परिवलन, दुसऱ्याभोवती फिरणे ते परिभ्रमण. शाळेच्या भूगोलात हेच शब्द आहेत. चंद्राला दोन्हींसाठी सारखाच वेळ, सुमारे २७.३ दिवस लागतो, म्हणून त्याची एकच बाजू आपल्याला दिसते. या वाक्यात एक शब्द चुकला तर कारणच नाहीसे होते.

आता शोध. आमच्या मते सगळ्यांत जास्त नुकसान करणारा शब्द हा आहे, कारण त्याचा अर्थ क्रियापदावर ठरतो आणि मथळ्यात क्रियापद कापले जाते.

शोध घेणे म्हणजे अजून सापडलेले नाही. शोध लागणे म्हणजे सापडले. शोध लावणे म्हणजे कोणाला तरी त्याचे श्रेय आहे. ‘बेपत्ता मुलाचा शोध’ हा मथळा वाचून मूल मिळाले की नाही ते कळत नाही. ‘चंद्रावर पाण्याचा शोध’ याचेही तेच. चांद्रयान-१ ऑक्टोबर २००८ मध्ये निघाले तेव्हा असा मथळा ‘शोध घेणार’ या अर्थाने देता आला असता, आणि त्यावरच्या नासाच्या उपकरणाने पाण्याच्या खुणा टिपल्याचे सप्टेंबर २००९ मध्ये जाहीर झाले तेव्हा ‘लागला’ या अर्थाने. दोन्हींमध्ये वर्षभराचे आणि एका मोठ्या निष्कर्षाचे अंतर आहे. ‘सुरू’ किंवा ‘लागला’ यांपैकी एक शब्द मथळ्यात ठेवाच, हवे तर दुसरा कुठला तरी काढा.

शोध लावणे आणि शोधून काढणे यांतही भेद पाळता येतो. जे नव्हते ते केले, त्याचा शोध लावला. जे होते पण आपल्याला माहीत नव्हते, ते शोधून काढले. या कसोटीवर ‘वास्को द गामाने भारताचा शोध लावला’ हे वाक्य कोसळते. इथे नांदते राज्य आणि भरलेली बाजारपेठ होती. मे १४९८ मध्ये कालिकतजवळ पोहोचलेल्या गामाला आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या मालिंदीहून वाट दाखवायला तांडेलही तिथूनच घ्यावा लागला, कारण तो समुद्र ओलांडणारे व्यापारी पिढ्यान्‌पिढ्या जात-येत होते. गामाने युरोपातून आफ्रिकेला वळसा घालून भारतात येण्याचा जलमार्ग युरोपला मिळवून दिला. कोलंबस १२ ऑक्टोबर १४९२ रोजी बहामातल्या एका बेटावर पोहोचला, तिथेही माणसे होती. ‘पोहोचला’ हे साधे क्रियापद दोघांनाही पुरते.

संशोधन हा शब्द हिंदीतून उलटा येतो. तिकडे शोध म्हणजे आपले संशोधन, आणि तिकडचे संशोधन म्हणजे आपली दुरुस्ती. ‘संविधान संशोधन विधेयक’ म्हणजे घटनादुरुस्ती विधेयक. हे सगळ्यांना माहीत आहे, आणि तरी घाईच्या पानांवर ते येत राहते.

दुर्घटनेच्या बातम्यांत शोध आणि बचाव हे वेगळे ठेवा, अशी आमची कळकळीची विनंती आहे. माणूस कुठे आहे हेच माहीत नाही, तेव्हा शोधकार्य किंवा शोधमोहीम. जागा माहीत आहे आणि माणूस जिवंत आहे, तेव्हा बचावकार्य. नोव्हेंबर २०२३ मध्ये उत्तराखंडातल्या सिलक्यारा बोगद्यात ४१ कामगार अडकले, तेव्हा ते कुठे आहेत हे ठाऊक होते, नळीतून त्यांच्याशी बोलणेही चालू होते. तो शोध नव्हता. उलट त्याच वर्षी १९ जुलैच्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली आणि २३ जुलैला शोधकार्य थांबवले गेले, तेव्हा २७ मृतदेह हाती लागले होते आणि ५७ जण बेपत्ता होते. अशा वेळी ‘बचावकार्य थांबवले’ लिहिणे म्हणजे जिवंत माणसे आत असताना लोक निघून गेले असे म्हणणे. गावाबाहेर बसलेले नातेवाईक मोबाइलवर तुमचीच बातमी वाचत असतात.

डोंगरातल्या अपघातांत आणखी एक सवय आहे: पडलेला प्रत्येक जण ‘दरीत कोसळतो’. मराठीत नाळ, घळ, खिंड, सोंड, दांड, कडा असे शब्द उगाच नाहीत. दोन कड्यांमधली दगडांनी भरलेली उतरती चिंचोळी वाट ती नाळ, दोन डोंगरांमधली ओलांडण्याची जागा खिंड, डोंगराची खाली उतरत गेलेली धार सोंड. नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड चढताना दगड लागून जखमी झालेला माणूस कोकणकड्यावरून पडला, असे लिहिले तर वरून दोर सोडायचा की पायथ्याच्या बेलपाड्याकडून चढायचे, याचाच गोंधळ होतो. मदतीला निघालेली पथकेही पहिली माहिती बऱ्याचदा बातमीतूनच घेतात.

मोहीम हा लष्करातून आलेला आणि चांगला रुळलेला शब्द आहे. ठरलेले उद्दिष्ट, मनुष्यबळ, मुदत असे सगळे त्यात येते, म्हणून लसीकरणाचीही मोहीम होते आणि चंद्राचीही. फक्त मोहीम, यान आणि यानाचा एक भाग यांची गल्लत नको. सप्टेंबर २०१९ मध्ये चांद्रयान-२चा लँडर विक्रम उतरताना कोसळला आणि ‘मोहीम अपयशी’ असे मथळे आले. चंद्राभोवती फिरणारे त्याचे परिभ्रमण यान त्यानंतरही माहिती पाठवतच राहिले. ‘अवतरण फसले’ एवढेच खरे होते.

खनिजांच्या बातम्यांविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण तिथे एक शब्द शेअरबाजार हलवतो. जमिनीखाली काय आहे हे शोधण्याला परिभाषेत समन्वेषण म्हणतात. शब्द जड आहे, बातमीत ‘खनिजाचा शोध’ लिहिले तरी हरकत नाही, पण त्याचे चार टप्पे आहेत हे विसरू नका. जी४ म्हणजे टेहळणीची पाहणी, जी३ प्राथमिक, जी२ सर्वसाधारण, जी१ तपशीलवार. पहिल्या टप्प्यात नकाशे आणि वरवरचे नमुने असतात, शेवटच्या टप्प्यात थोड्याथोड्या अंतरावर विंधणे, म्हणजे जमिनीत खोल भोके घेऊन मोजमाप होते. जी४ आणि जी३च्या आकड्यांना ‘संसाधन’ म्हणावे. काढणे शक्य आणि परवडणारे आहे असे सिद्ध झाल्यावरच ‘साठा’. फेब्रुवारी २०२३ मध्ये जम्मू-काश्मीरच्या रियासी जिल्ह्यात जाहीर झाले ते ५९ लाख टन लिथियमचे अनुमानित संसाधन होते, जी३ टप्प्यावरचे. बातम्यांत मात्र ‘लिथियमचा साठा सापडला’ असे आले, आणि वाचकाला वाटले की खाण आता उघडणार.

त्याहून बोलके उदाहरण उत्तर प्रदेशातल्या सोनभद्रचे. फेब्रुवारी २०२० मध्ये तिथे सुमारे ३,००० टन सोने सापडल्याची बातमी देशभर फिरली. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने खुलासा केला की त्यांचा अंदाज सुमारे ५२,८०६ टन धातुकाचा, म्हणजे सोने मिसळलेल्या दगडाचा आहे, आणि त्यात टनामागे ३.०३ ग्रॅम सोने आहे. गुणाकार करून पाहा, १६० किलोच्या आसपास येते. टनाचा आकडा दिसला की दोन गोष्टी विचाराव्यात: हा दगडाचा आकडा आहे की धातूचा, आणि टप्पा कोणता. दोन्हींची उत्तरे सरकारी पत्रकात बहुधा असतात, भाषांतर करताना ती गळतात.

स्थलांतर आणि विस्थापन यांची अदलाबदल थांबायला हवी. ऊसतोडीला बीडहून कारखान्यावर जाणाऱ्या टोळ्या हंगामी स्थलांतर करतात, गाळप संपले की परत येतात. धरणात गाव बुडालेला माणूस विस्थापित आहे, त्याला परत जायला गाव नाही. त्याला ‘स्थलांतरित’ म्हणणे म्हणजे तो आपखुशीने गेला असे सुचवणे, आणि पुनर्वसनाचा हक्क याच फरकावर उभा असतो.

आता शुद्धलेखनाचे थोडे, कारण प्रवासाच्या शब्दांत एक अक्षर फार येते. वारी-वाऱ्या, फेरी-फेऱ्या, स्वारी-स्वाऱ्या, दौरा-दौऱ्यावर, वारकरी-वारकऱ्यांना. इथे र अर्धा आणि आडवा असतो, डोक्यावर रफार नसतो. तो उमटवण्यासाठी खाली टिंब असलेला ऱ, मग हलन्त, मग य असे टंकावे. साधा र टंकला की रफार चढतो आणि ‘दौर्यावर’, ‘वार्या’ अशी रूपे होतात. बहुतेक ठिकाणी ती फक्त विद्रूप दिसतात, पण एके ठिकाणी अर्थच पालटतो: दऱ्या म्हणजे डोंगरातल्या, दर्या म्हणजे समुद्र. आणि मोहीम मूळ रूपात दीर्घ, विभक्ती लागली की ऱ्हस्व: मोहीम, मोहिमेत, मोहिमा. ‘मोहिम’ हे रूप कुठेच बसत नाही.

तुमच्याकडून आम्हाला दोन गोष्टी हव्या आहेत. यंत्राने भाषांतर करणाऱ्या बहुतेक प्रणालींत ठरावीक शब्दांची यादी भरता येते. तिच्यात यात्रा, यात्री, सफर, दौरा, प्रस्थान, शोध, संशोधन या सात शब्दांपुढे मराठी पर्याय एकापेक्षा जास्त घालून ठेवा आणि ते आले की मजकुरावर खूण उमटेल अशी सोय करून घ्या. आपोआप बदलायला लावू नका, नाहीतर अमरनाथ यात्रेचा अमरनाथ प्रवास होईल. दुसरे म्हणजे देहू, आळंदी, नीरा, अकलूज, वाखरी आणि पंढरपूर इथल्या वार्ताहरांना ज्येष्ठ लागण्याआधी एकदा फोन करून प्रस्थान, विसावा आणि मुक्काम यांच्या तारखा तिथीसह लिहून घ्या. मागच्या ज्येष्ठानंतर मध्ये अधिक मास येऊन गेला असेल तर इंग्रजी तारखा सुमारे अडीच-तीन आठवड्यांनी पुढे सरकतात, आणि मागच्या वर्षीची फाइल उघडून नवे पान लावणाऱ्याची तिथेच फसगत होते.

आपले,
मुद्रितशोधक, भाषांतरकार आणि परिभाषेचे काम करणारे काही जण